किल्ल्यांची पेटी

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत सातबाऱ्याचा उतारा अंकीय सहीनिशीं मिळूं लागला. जमाबंदी आयुक्तांची कचेरी आपल्या पुण्यांतच असल्यामुळें हा विषय आपणांस परका नाहीं. परंतु शाई नाहीं, लेखणी नाहीं, मग अशी सही होते कशी आणि तिचें साधन ठेवतात कोठें, हें आज थोडक्यांत पाहूं.

मराठेशाहींतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपतांच मोर्तब होई. हेतु हा कीं, मागाहून कोणीं एक ओळहि वाढवूं नये. आजचा शिक्का म्हणजे एक फार मोठी संख्या. तिला खाजगी किल्ली म्हणतात. तिची जोडीदार ती जाहीर किल्ली. खाजगी किल्लीनें केलेली सही जाहीर किल्लीनें पारखतां येते, आणि मजकुरांत एक अक्षर बदललें तरी ती खोटी ठरते. जाहीर किल्ली अमक्याचीच आहे अशी ग्वाही देणारा दाखला म्हणजे प्रमाणपत्र. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणें परवाना मिळालेल्या संस्था तो देतात. पुण्याची सी-डॅक ही त्यांतलीच एक.

किल्ली व प्रमाणपत्र पुष्कळदां एकाच फाइलींत ठेवतात. तिला कीस्टोर, म्हणजे किल्ल्यांची पेटी, म्हणतात. जावा भाषेंतील प्रोग्राम प्रथम पेटीचा प्रकार सांगतो. मग फाइल व परवलीचा शब्द देऊन ती उघडतो. आंतील प्रत्येक नोंदीस एक टोपणनांव असतें. तें सांगितलें कीं प्रमाणपत्र लागलेंच मिळतें; किल्ली मागतांना मात्र परवलीचा शब्द पुनः द्यावा लागतो. टोपणनांव चुकलें तर प्रोग्राम तक्रार करीत नाहीं, नुसतें ‘नल’, म्हणजे कांहीं नाहीं, असें उत्तर देतो. म्हणून हातीं काय आलें तें तपासूनच पुढें जावें.

हा भेद निष्कारण नाहीं. प्रमाणपत्र चारचौघांत दाखविण्यासाठींच असतें. किल्ली गेली तर तुमच्या नांवानें कोणीहि सही करील, आणि पारखणारास ती खरीच वाटेल. तरीहि परवलीचा शब्द प्रोग्रामांतच लिहून ठेवणारे आढळतात. दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगावी, तसें हें झालें! तो शब्द निराळ्या जागीं राखून, काम चालू होतांना प्रोग्रामास पुरवावा. आपल्याकडे व्यक्तींना सहीची किल्ली यूएसबी टोकनांत देतात, तें अधिक चांगलें. तेथें सही आंतच होते, किल्ली बाहेर पडत नाहीं.

याच कायद्याचें ४२ वें कलम किल्ली सांभाळण्याचा भार तिच्या धन्यावर टाकतें. ती दुसऱ्याच्या हातीं गेल्यास विनाविलंब संस्थेस कळवावें लागतें, आणि कळवीपर्यंतची जबाबदारी धन्याचीच. ज्या उताऱ्यावर एखाद्या कुटुंबाची जमीन उभी आहे, त्यावरील सहीचें मोल त्या लहानशा पेटीच्या राखणीइतकेंच असतें.