बांबोळीहून घरी आल्यावर

सिंधुदुर्गात कुणाला मोठा अपघात झाला की दोन शब्द लगेच कानावर येतात: १०८ आणि बांबोळी. मालवण असो, वेंगुर्ले असो की सावंतवाडी, डोक्याला किंवा पाठीच्या कण्याला मार लागलेला माणूस १०८च्या रुग्णवाहिकेतून बहुधा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या वाटेला लागतो. गावात मागे राहिलेले लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारत असतात, ‘जीव वाचलो मा?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पूर्वीपेक्षा अधिक वेळा ‘होय’ असं येऊ लागलं आहे. पण जीव वाचल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं हा माणूस कसा जगणार, हे विचारायला कुणी नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा दुसरा प्रश्नही आरोग्यसेवेचाच आहे. तो घरच्या माणसांवर आणि नशिबावर सोडून देणं म्हणजे वाचवलेला जीव अर्ध्या वाटेवर टाकून देणं.

आपल्याकडचे अपघात आपल्या जगण्यातूनच येतात. माडावर चढणारा पाडेली, हापूस उतरवायला फांदीवर उभा राहिलेला गडी, पावसाळ्याआधी कौलं परतायला छपरावर गेलेला घरधनी, चिरेखाणीतला मजूर, महामार्गावरून दुचाकीने जाणारा तरुण. यातले बहुतेक कमावत्या वयाचे. मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू करंगळीएवढा जाड असतो, आणि मेंदूचे निरोप हातापायांना पोचवणारी तीच एक वाट असते. ती मानेत तुटली तर हातपाय चारही जातात, पाठीत तुटली तर कमरेखालचं अंग जातं. इजा अर्धवट असेल तर काही हालचाल शिल्लक राहते. म्हणूनच पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नये, बसवून पाणी पाजू नये; मान आणि पाठ एका रेषेत धरून तीन-चार जणांनी एकदम फळीवर घ्यावं. नाहीतर अर्धवट इजा पूर्ण व्हायला तो एक हिसका पुरतो.

चालणं गेलेलं सगळ्यांना दिसतं. कातडीची जाणीव गेली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, हे मात्र बाहेरून दिसत नाही, आणि पुढे माणूस दगावतो तो अनेकदा या न दिसणाऱ्या गोष्टींनी. आपण झोपेत नकळत कूस बदलतो. ज्याला जाणीवच नाही तो बदलत नाही, आणि माकडहाडावर, टाचेवर सतत भार पडून तिथलं मांस आतून मरू लागतं. वर दिसतो तो रुपयाएवढा लाल डाग. आत जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते. त्यावर इलाज साधा आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसरात्र, आणि आरसा धरून रोज कातडी तपासायची. मूत्राशयाचंही तसंच. लघवी साचून राहिली की जंतुसंसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. ठरावीक तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची, हे रुग्ण स्वतः शिकू शकतो. पुनर्वसन रुग्णालय म्हणजे हे शिकवणारी शाळा. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसं सरकायचं, दोन्ही हातांवर अंग उचलून बसल्या जागचा भार कसा हलका करायचा, हे तिथे हाताला वळण पडेपर्यंत करून घेतात.

मेंदूच्या दुखापतीत अडचण आणखी लपलेली असते. माणूस चालतो, बोलतो, आणि तरीही पहिल्यासारखा नसतो. सकाळचं दुपारी आठवत नाही, शब्द ओठांवर येऊन अडतो, क्षुल्लक गोष्टीवर राग अनावर होतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. खरं तर राग आवरणारा, गोष्टी लक्षात ठेवणारा मेंदूचा भागच दुखावलेला असतो. मेंदूला मात्र एक देणगी आहे. एक वाट बंद झाली तर सरावाने दुसरी पाडता येते. त्यासाठी वाचा-उपचार लागतात, गिळण्याचे व्यायाम लागतात, दिवसाची कामं वहीत लिहून पाळण्याची सवय लागते. हे जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. ‘आधी घरी नेऊन चार महिने विश्रांती घेऊ दे’ या मायेपोटी केलेल्या विचारात नेमका मोलाचा काळ निघून जातो.

यातून खरंच फरक पडतो का? इतिहासाने याचं उत्तर दिलेलं आहे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत, आणि वैद्यकीय जग ते गृहीत धरून चालत होतं. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी हे गृहीतच नाकारलं. वेळच्या वेळी कूस बदलणं, मूत्राशयाची काळजी, व्यायाम, खेळ आणि काम ही त्यांची आयुधं. तुटलेला मज्जारज्जू त्यांनाही जोडता आला नाही, तरी त्यांचे रुग्ण जगले आणि कामाला लागले. तिथे १९४८ साली भरलेल्या धनुर्विद्येच्या छोट्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले, मणक्यात गोळी राहिली. पोहणं हा त्यांच्या उपचाराचा भाग होता, आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्याच पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पुण्याजवळ खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी १९७४पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे. सैनिकासाठी जे आपण आवश्यक मानलं, ते माडावरून पडलेल्या पाडेल्यासाठी चैन कसं ठरेल?

खुद्द सिंधुदुर्गात उपचारापासून कमाईपर्यंतच्या साखळीचं शेवटचं टोक आधीच तयार आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचं अंग गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ या त्यांच्या आत्मकथनामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं. याच संस्थेने कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावात ‘स्वप्ननगरी’ वसवली आणि तिथे अपंग माणसं काजूप्रक्रियेच्या कामाला लागली. काजू फोडणं, सोलणं, प्रतवारी लावणं ही बसून, हातांनी करायची कामं, आणि माल याच मातीतला. काम माणसाच्या अंगाला जुळवून घेतलं की अपंग माणूस कमावता होतो, हे या जिल्ह्याच्या मातीत सिद्ध झालं आहे. जीव वाचवण्याची सोय एका टोकाला आहे, कमाईचा दाखला दुसऱ्या टोकाला आहे. तुटली आहे ती मधली कडी: जखमी माणसाला त्या कामापर्यंत पोचवणारे तीन-चार महिने.

ही कडी जिल्ह्यातच जोडावी म्हटलं की पहिला आक्षेप असा येईल की जिल्हा लहान. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ८,४९,६५१. एवढ्या लोकांसाठी वेगळं रुग्णालय कशाला, मुंबई-पुणे आहेच की. खर्चाचा मुद्दा खोटा नाही, पण हिशेब पुरता मांडायला हवा. चिघळलेल्या जखमेचं ऑपरेशन, निकामी मूत्रपिंड, नोकरी सोडून घरी बसलेला भाऊ, शाळा सुटलेली मुलगी, हा सगळा खर्चच आहे. फक्त तो सरकारी वहीत नोंदला जात नाही. शिवाय मुंबईच्या गुळगुळीत फरशीवर खुर्ची चालवायला शिकलेला माणूस परत येतो तो पाणंदीच्या शेवटी असलेल्या घरी. तिथे खळ्यातून पडवीत चढायला तीन पायऱ्या, दाराला उंबरठा, न्हाणीघर घरामागे, आणि चार महिने पाऊस. त्याच्या पुनर्वसनाची खरी परीक्षा तिथेच व्हायची आहे. घर पाहून चढण कुठे घालायची, दार किती रुंद करायचं, हे सांगणारा माणूस पाचशे किलोमीटरवरून येऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जिव्हाळ्याचा आहे: आमच्याकडे घरची माणसं करतात, परक्यांची गरज काय? घरची माणसं करतात हे खरंच, आणि त्यात बहुतेकदा आई आणि बायकोच राबतात. पण माया म्हणजे कौशल्य नव्हे. कूस कशी बदलावी, नळी कशी स्वच्छ ठेवावी, उचलताना स्वतःची कंबर कशी सांभाळावी, हे कुणी दाखवलं नाही तर जिवापाड सेवा करूनही जखम होते, आणि दोष त्या बाईच्या माथी येतो. रुग्णालय घराची जागा घेणार नाही, घराला शिकवून मोकळं करेल. तिसरा आक्षेप, तज्ज्ञ डॉक्टर इथे टिकत नाहीत. तेही खरं. पण या कामाचा मोठा भार डॉक्टरपेक्षा नर्स, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्यावर असतो. स्थानिक मुलंमुली ही कामं शिकू शकतात. जे रुग्ण स्वतः खुर्चीवर बसून संसार करतात, ते नव्या रुग्णाला जे शिकवतील ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

म्हणून मागणी मोठ्या इमारतीची नाही. जिल्ह्याला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला जोडून वीस खाटांचा पुनर्वसन विभाग सुरू करावा. बांबोळीहून सुटणारा रुग्ण थेट घरी न जाता तिथे यावा, सोबत घरातल्या एकाने राहून सगळं शिकून घ्यावं, आणि घरी सोडण्यापूर्वी विभागातल्या कुणीतरी त्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन यावं. त्याचं यश किती ऑपरेशनं झाली यावर मोजू नये. वर्षाने त्याच माणसाच्या घरी जावं आणि पाहावं: पाठीवर जखम आहे का, तो खळ्यापर्यंत स्वतः येतो का, हाताला काम आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तरच जीव वाचला असं म्हणावं.