वाहत्या गल्लीतली बेल

व्हिडिओ डोअरबेलच्या खोक्यावर बॅटरी 'सहा महिन्यांपर्यंत' चालेल असं छापलेलं असतं. आकडा ठळक आणि 'पर्यंत' बारीक. तीच बेल छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यात किंवा सिडकोत, दाराच्या चौकटीला लागली की दोन-तीन आठवड्यांत मान टाकते. मग पाहुणा बटण दाबत उभा राहतो आणि आत कोणाला पत्ता नसतो. तक्रार ऐकून आलेला इलेक्ट्रिशियन बेल उलटीसुलटी करून पाहतो आणि म्हणतो, "साहेब, बॅटरी खराब नाय झाली. तुमची गल्लीच लई वाहती हाय."

हे निदान बहुतेक वेळा बरोबर असतं.

बॅटरीवरची बेल दिवसभर कॅमेरा चालू ठेवत नाही. तिला ते परवडणारंच नाही. तिचा कॅमेरा, वायफाय आणि मुख्य चिप जवळजवळ निजलेल्या असतात. जागा असतो तो शरीराची उष्णता टिपणारा एक छोटा सेन्सर, पीआयआर. समोरून काहीतरी ऊबदार हललं की तो बाकीच्यांना उठवतो, मग चित्रण सुरू होतं आणि ते वायफायवरून तुमच्या मोबाइलकडे जातं. खरा खर्च या जागेपणाचा असतो.

तो किती, याचा हिशेब घरी करता येतो. बेलमधली बॅटरी ५००० एमएएचची धरा. लिथियम सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, म्हणजे एकूण साठा १८.५ वॉट-तास. निजलेली बेल ५ मिलिवॉट खाते असं मानलं तर दिवसाला ०.१२ वॉट-तास गेले. जागी असताना ती दीड वॉट घेत असेल, तर अर्ध्या मिनिटाच्या एका क्लिपला ०.०१२५ वॉट-तास लागतात. दाराशी कोणीच फिरकलं नाही तर ही बॅटरी पाच महिने पुरेल. दिवसाला दहा क्लिप झाल्या तर अडीच महिने. शंभर झाल्या तर दोन आठवडेसुद्धा नाही. प्रत्येक कंपनीच्या बेलचे आकडे थोडे मागेपुढे होतील, गणित मात्र हेच राहतं.

आता आपल्या दारासमोरून दिवसभरात काय काय जातं ते मोजा. दूधवाला, पेपरवाला, घंटागाडी, भाजीची हातगाडी, शाळेची रिक्षा, कुरिअर, आणि समोरच्याच्या ओट्यावर बसायला येणारी मंडळी. या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि पाण्याच्या दिवशी गल्ली पहाटेपासूनच जागी असते. पैठण गेट ते गुलमंडी अशा भागात तर घराचं दार थेट रस्त्यावरच उघडतं, मध्ये अंगण नाही की फाटक नाही. अशा दाराला शंभर क्लिपांचा दिवस म्हणजे शांत दिवस.

म्हणून बेल लावल्यावर पहिलं काम ॲपमध्ये शिरून हालचालीचं क्षेत्र आखून देण्याचं. रस्ता वगळायचा, पायरीपुरतं ठेवायचं. सेन्सरची संवेदनशीलता कमी करायची, क्लिप तीस सेकंदांऐवजी दहाची करायची, दोन क्लिपांमध्ये मिनिटभराचं अंतर ठेवायचं. एक खोच मात्र आहे. काही बेलांमध्ये हे क्षेत्र पीआयआर सेन्सरच सांभाळतो, तर काहींमध्ये कॅमेरा आधी उठतो, चित्र पाहतो आणि मग 'हे आपलं नाही' असं ठरवतो. दुसऱ्या प्रकारात सूचना कमी येतात, पण बॅटरी वाचत नाही. अशा वेळी बेल थोडी वळवून, तिरक्या पट्टीवर बसवणं हा जास्त खात्रीचा उपाय. दिशा बदलली की रस्ता दिसतच नाही.

उन्हाळ्यात या सेन्सरची वेगळीच पंचाईत होते. पीआयआर माणूस ओळखत नाही, आजूबाजूच्या तापमानातला फरक ओळखतो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. हिवाळ्याच्या सकाळी समोरची भिंत पंधरा-सोळा अंशांवर असते, त्यामुळे माणूस तिच्यासमोर उठून दिसतो. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भिंत आणि माणूस सेन्सरच्या लेखी जवळपास सारखेच. तो अगदी जवळ येईपर्यंत बेल गप्प. उलट उन्हात तापलेलं मोटारीचं बॉनेट किंवा पत्र्याचं फाटक तिला जागं करतं. वैतागून आपण संवेदनशीलता वाढवतो आणि पाऊस पडून हवा गार झाल्यावर ती कमी करायला विसरतो. जूनमध्ये बॅटरी एकाएकी का उतरायला लागली, याचं उत्तर पुष्कळदा मेमधल्या सेटिंगमध्ये असतं.

आणखी एक खर्च आहे, त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. या शहरातल्या किती तरी घरांत आता आईवडील दोघंच असतात. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, नाही तर न्यू जर्सीला. बेल मुलानेच ऑनलाइन मागवून पाठवलेली असते आणि ॲपही त्याच्याच मोबाइलवर असतं. तिकडे जेवणाच्या सुट्टीत तो लाइव्ह उघडतो. बाबा फिरून आले का, दूध घेतलं का, गॅसवाला येऊन गेला का. दहा मिनिटांचं लाइव्ह म्हणजे वरच्या हिशेबाने वीस क्लिपांचा खर्च. बहीण वेगळ्या शहरातून तेच करते. आई फोनवर सांगते, "अरे, ती बेल सारखी बंद पडतेय." ती का बंद पडते हे दोघा भावंडांपैकी एकाच्याही लक्षात येत नाही. माझं मत विचाराल तर हा खर्च जरूर करावा, त्यासाठीच ती बेल आहे. फक्त त्या दाराला बॅटरीवरची नव्हे, वायरवरची बेल हवी.

वायरकडे येण्याआधी वायफायचं बघू. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, बेल बाहेर, मध्ये आरसीसीचा खांब आणि लोखंडी सेफ्टी डोअर. बेगमपुऱ्यातल्या जुन्या घरांत दीड-दोन फुटांची भिंत. सिग्नल कमजोर असला की तीच क्लिप पाठवायला जास्त वेळ लागतो, तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात आणि तितका वेळ रेडिओ चालू राहतो. त्यात लाइट गेली की राउटर बंद आणि बेल बिचारी नेटवर्क शोधत बसते. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडला तर बेलची बॅटरी टिकते, हे वरवर विचित्र वाटेल, पण खरं आहे. बहुतेक बॅटरीच्या बेला २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर दाराकडे सरकवता आला तर उत्तमच.

मग बॅटरीचा खटाटोप हवाच कशाला, सरळ जुन्या बेलच्या वायरला का जोडू नये? इथे खरी मेख आहे आणि धोकाही. ही वस्तू ज्या देशात वाढली, तिथलं दार वेगळं आहे. अमेरिकेत जेमी सिमिनॉफ या माणसाने 'डोअरबॉट' नावाची बेल काढली, २०१३ मध्ये 'शार्क टँक'च्या मंचावर नेली आणि तिथून करार न होताच परतला. पुढे तिचंच 'रिंग' झालं आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. तिथल्या घरांत दारावरच्या घंटीसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत येते ती १६ ते २४ व्होल्टची सौम्य वीज. जुनं बटण काढा, त्याच दोन तारांना नवी बेल लावा, काम झालं. आपल्याकडे बटण म्हणजे थेट २३० व्होल्टच्या फेजमधला स्विच. आतली डिंगडाँग, चिमणी किंवा आरतीची धून वाजवणारी बेल २३० वरच चालते. बाहेरून मागवलेल्या बेलमागचे दोन स्क्रू पाहून कोणी त्यांना या तारा जोडल्या, तर बेल जळेल हे नक्की, आणि जोडणाऱ्याला झटका बसण्याचीही भीती. आपल्या दारावर बॅटरीच्या बेला इतक्या दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. दाराशी सौम्य विजेची तार नसतेच.

ती आणता येते. स्वतःचं घर असेल तर दाराच्या आतल्या बाजूच्या बोर्डावर ॲडॉप्टर बसवून चौकटीशेजारी एक भोक पाडायचं. इथे केबलची जाडी महत्त्वाची. स्वस्त यूएसबी केबलमधली तांब्याची तार केसासारखी. अशी पाच मीटर केबल घेतली तर जाण्यायेण्याचा मिळून दोन ओहमच्या आसपास विरोध होतो. अर्धा अँपिअर प्रवाहाला व्होल्टभर दाब वाटेतच संपतो. ॲडॉप्टरला पाच व्होल्ट निघाले, बेलपाशी चारच पोचले. दिवा लागतो, चार्जिंग होत नाही, आणि दोष बेलच्या माथी. अंतर कमी ठेवा, तार जाड घ्या, किंवा बेल १२ व्होल्टची घ्या, कारण तिथे एका व्होल्टची घट सहज खपून जाते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भोक पाडू देत नाहीत. भाडेकरूंनी काढता येणाऱ्या बॅटरीची बेल घ्यावी आणि दुसरी बॅटरी भरून ठेवावी.

चार्ज होत नाही ही दुसरी मोठी तक्रार. तिची सगळ्यात फसवी तऱ्हा टाइप-सीच्या बेलांमध्ये आढळते. जुन्या चार्जरने चार्ज होते, नव्या भारी फास्ट चार्जरने होत नाही. ज्याच्या केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असते असा चार्जर समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही. काही स्वस्त बेलांमध्ये हा पैशांत मोजण्याइतका क्षुल्लक भाग गाळलेला असतो. मोबाइलचा जुना, चौकोनी यूएसबी खाचेचा चार्जर आणि साधी केबल लावा, बेल मुकाट चार्ज होईल. पार उतरलेली बॅटरीही सुरुवातीला मेल्यासारखी दिसते. सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली गेला की सर्किट आधी अगदी बारीक प्रवाह सोडतं, त्यामुळे अर्धा-पाऊण तास दिवा लागला नाही तरी धीर धरावा. आणि ५००० एमएएचला एक अँपिअरने भरायला पाच-सहा तास जाणारच. रात्री लावा, सकाळी काढा.

ऊन भरपूर आहे तर सोलर पट्टी लावू, हा विचार इथे कोणालाही सुचावा. पट्टी छान चालते, पण लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि नीट बनवलेलं सर्किट तसं करूही देत नाही. पश्चिमेच्या दाराला काळ्या प्लास्टिकची बेल मे महिन्यात दुपारी सहज त्याच्या वर जाते. पट्टीवर रणरणतं ऊन आणि चार्जिंग बंद. पट्टी उन्हात, बेल सावलीत, मध्ये केबल, असंच बसवावं लागतं. शिवाय पूर्ण भरलेली बॅटरी तापत ठेवली तर तिची क्षमता वेगाने घटते. दाराला वर छोटी पडवी किंवा पत्रा असेल, तर तो पावसाइतकाच उन्हासाठीही कामाचा.

टक्क्यांच्या आकड्यावर फार विसंबू नये. लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्टपासून उतरताना मधला बराच काळ जवळपास सपाट राहतो आणि शेवटी धाडकन कोसळतो. ॲप त्या दाबावरून अंदाज बांधतं. म्हणून चाळीस टक्के दाखवणारी बेल संध्याकाळपर्यंत बंद पडते. चाळिशी येण्याआधीच काढून चार्ज करा. तीन-चारशे वेळा भरून झाल्यावर तिची ताकद तशीही ओसरलेली असते.

बसवतानाचे स्क्रू हा किरकोळ विषय वाटतो. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत रिंगच्या दुसऱ्या पिढीच्या सुमारे साडेतीन लाख बेला याच कारणासाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. चुकीचे स्क्रू वापरल्यास बॅटरी तापून आग लागण्याचा धोका होता, आणि तेवीस बेलांनी पेट घेतल्याच्या तक्रारी आल्या होत्या. उपाय म्हणून नीट सूचनापत्रक दिलं गेलं. आपल्याकडे बेलसोबतचे स्क्रू पिशवीतच राहतात आणि इलेक्ट्रिशियन त्याच्या डब्यातला 'चालतंय की' स्क्रू ठोकतो. त्याला तेव्हाच थांबवा.

शेवटी संपलेल्या बॅटरीचं काय? २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोवरून या शहराने जी कचराकोंडी सोसली, ती इथल्या कोणाला सांगायला नको. लिथियम सेल घंटागाडीत गेला, दबला, फुटला की कचऱ्याला आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर. काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बेलची पाठ फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्जरला लावू नका, टोचून पाहू नका. घराबाहेर सावलीत, कोरड्या वाळूच्या कुंडीत ठेवा आणि त्याच आठवड्यात देऊन टाका.