तेरा वर्षं कुणी ठरवली?

फोटोवरून ब्लॅकमेल सुरू झालं तर पहिल्या तासात काय करायचं, हे या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्येच बार्शीहून एका वाचक आईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने माझा ताबा घेतला. मुलगा सातवीत आहे, इन्स्टासाठी घर डोक्यावर घेतलंय. “तेरा पूर्ण झाल्याशिवाय नाही म्हणून त्याला थोपवलंय. पण तो विचारतो, तेराच का? हे कुणी ठरवलं? डॉक्टरांनी?”

नाही बाई, डॉक्टरांचा इथे काडीचाही संबंध नाही. हा आकडा वॉशिंग्टनमधल्या देवघेवीतून आलेला आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत मुलांसाठीच्या वेबसाइटचं पीक आलं. एखादं हसरं कार्टून मुलांना खेळ खेळवायचं आणि बोलता बोलता नाव, पत्ता, ईमेल, कधी घरच्यांची माहितीही काढून घ्यायचं. 1998 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांच्या 212 साइट तपासल्या, तर 89 टक्के साइट मुलांकडून वैयक्तिक माहिती गोळा करत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलांची ऑनलाइन माहिती जपणारा ‘कोप्पा’ हा कायदा झाला आणि एप्रिल 2000 पासून लागू झाला.

हा कायदा आणणाऱ्यांपैकी एक होते तिथले खासदार एड मार्की. पालकांच्या संमतीसाठी वयाची मर्यादा त्यांना सोळाची हवी होती, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितलंय. पण कंपन्यांना ती परवडणारी नव्हती. नागरी हक्कांच्या संघटनांचा आक्षेप वेगळा होता, आणि मला तो आजही रास्त वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातल्याच कुणाचा त्रास असेल आणि तिला नेटवर मदत शोधायची असेल, तर आधी घरच्यांची परवानगी आण असं तिला कसं सांगणार? ओढाताणीत आकडा तेरावर आला. फेसबुक जन्माला यायला तेव्हा अजून पाच-सहा वर्षं होती. म्हणजे ज्या आकड्यावर आज तुमच्या घरात वाद पेटलाय, तो ठरला तेव्हा आजच्यासारखा सोशल मीडिया कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

आणखी एक गंमत म्हणजे हा कायदा तेराच्या आतल्या मुलांना मनाई करतच नाही. पालकांच्या संमतीशिवाय त्यांची माहिती गोळा करू नका, एवढंच तो म्हणतो. पण संमती घेणं, ती खरी आहे की नाही हे तपासणं हा खर्चिक खटाटोप. त्यापेक्षा ‘तेराच्या आतल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावून मोकळं होणं स्वस्त पडतं. सर्वांसाठीच्या साइटना तर मूल लहान आहे हे प्रत्यक्ष माहीत असेल तरच कायदा लागतो. मग कोण कशाला खोदून विचारेल? इन्स्टाग्रामने नव्या सदस्यांना जन्मतारीख विचारायला सुरुवात केली ती थेट डिसेंबर 2019 मध्ये. त्याआधी डोळ्यांवर कातडं ओढून कारभार चालू होता. अधूनमधून दणका बसतो, नाही असं नाही. 2019 मध्येच यूट्यूबपायी गूगलला 17 कोटी डॉलर भरावे लागले.

आता ती जन्मतारीख भरताना काय होतं ते जवळून बघा. पडद्यावर दिवस, महिना, वर्ष अशी तीन चाकं येतात. दिवस-महिन्याला मूल हात लावत नाही. वर्षाच्या चाकाला अंगठ्याने एक फटका मारतं, ते गरगरत 2000 च्या, 1995 च्या आसपास थांबतं, ‘पुढे’ दाबलं की काम झालं. आपल्याकडे पूर्वी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की गुरुजी मुलाला पहिलीत घ्यायचे आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहून टाकायचे. अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी! तसलाच हा प्रकार, फक्त गुरुजींच्या जागी अंगठा.

आणि हे सगळं पोरं चोरून करतात असं मुळीच नाही. अमेरिकेत 2011 मध्ये संशोधक डॅना बॉइड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाच्या अटीपेक्षा लहान मुलांची फेसबुक खाती उघडायला खुद्द पालकच मदत करतात, असं त्यात दिसलं होतं. आपल्याकडेही मी शाळांमधून बोलायला जातो तेव्हा हा विषय निघाला की मुलं हळूच मागच्या रांगेतल्या आईबापांकडे बघतात. एका नववीतल्या मुलीच्या खात्यावर वडिलांची जन्मतारीख होती. ॲपच्या लेखी तिचं वय चव्वेचाळीस!

हसू येतं, पण खरी गोम इथेच आहे. इन्स्टाग्रामने सप्टेंबर 2024 मध्ये काही देशांत आणि फेब्रुवारी 2025 मध्ये भारतात किशोरांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत खातं आपोआप खासगी होतं. ज्यांना मूल स्वतः फॉलो करतं किंवा ज्यांच्याशी ते आधीच जोडलेलं आहे त्यांचेच मेसेज येतात. रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद. सोळाच्या आतल्या मुलाला यात ढील हवी असेल तर पालकांची परवानगी लागते. आणि हे सगळं मुळात कशाच्या आधारावर? त्या चाकावर भरलेल्या वर्षाच्या. दहाव्या वर्षी ‘2000’ भरून आत शिरलेलं मूल आज चौदाचं असलं, तरी ॲपला ते पंचविशीतलं वाटतं. कुंपण घातलं खरं, पण आपलं पोर कुंपणाबाहेर. मागच्या लेखात मॉडेलिंगची ऑफर देऊन एका मुलीला गाठणाऱ्या ‘दादा’बद्दल लिहिलं होतं. त्याचा मेसेज तिच्यापर्यंत पोचला कसा, असं कित्येकांनी विचारलं होतं. खात्यावरच्या वर्षाकडे बघा.

इतर देश आकडा बदलून बघताहेत. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. तिथे दंड कंपनीला आहे, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा आईबापाला नाही. हे मला पटतं.

आपल्याकडे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने तर अठरापर्यंत मूलच मानलंय. पालकांची पडताळता येईल अशी संमती, मुलांवर पाळत नाही, त्यांना हेरून जाहिराती नाहीत. चुकलात तर 200 कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण संमतीचा भाग लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत आहे. (तसं पाहिलं तर 1903 पासून आपल्याकडे अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल मानतात. त्यामुळे सातवीतल्या पोराने दाबलेल्या ‘आय ॲग्री’ला कायद्यात किती किंमत, हा वकिलांसाठी छान प्रश्न आहे.) पण मूल मूल आहे हे ओळखणार कोण, तिथे घोडं पेंड खातं. आकडा तेरा असो, सोळा असो की अठरा, चाक फिरवणारा अंगठा तोच.

तेव्हा बार्शीच्या ताई, तुम्ही मुलाला खरं तेच सांगा: तेरा हा काही मेंदू पिकायचा मुहूर्त नाही. तेरा झाल्यावरही तुम्हाला तो तयार वाटला नाही तर थांबवा, तुमचा तो अधिकार आहे. मात्र ज्या दिवशी खातं उघडून द्याल, त्या दिवशी जन्मवर्ष खरं भरा, शेजारी बसून.

ज्यांच्या घरी खातं आधीच आहे त्यांनी आज रात्री मुलाला जवळ बसवून इन्स्टाचं सेटिंग्ज उघडावं. त्यात अकाउंट्स सेंटर, मग पर्सनल डिटेल्स, मग बर्थडे. वर्ष खोटं निघालं तर आरडाओरडा नको, कदाचित ते तुमच्याच मोबाइलवरून भरलेलं असेल. मूल तेराच्या पुढचं असेल तर वर्ष दुरुस्त करा. आतलं असेल तर ते खातं बंद करणं हाच सरळ मार्ग.

ब्लॅकमेलचं पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर कुणावर तशी वेळ आलीच तर एकच करा: पैसे पाठवू नका आणि चॅट डिलीट करू नका.