विश्लेषण : मेक्सिको ऑलिम्पिकच्या ‘त्या’ छायाचित्रातील तिसरा धावपटू कोण? ‘सॅल्यूट’ माहितीपट काय सांगतो?

मूठ उंचावलेले दोन कृष्णवर्णीय धावपटू आणि त्यांच्यापुढे दोन्ही हात खाली सोडून ताठ उभा असलेला एक गोरा. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधले हे छायाचित्र कधी ना कधी तुमच्या मोबाइलवर येऊन गेले असेल. त्याखाली फिरणारा मजकूरही साधारण ठरलेला असतो : या गोऱ्या धावपटूने कृष्णवर्णीयांना साथ दिली, म्हणून त्याच्या देशाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. हा धावपटू म्हणजे ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. त्याची कहाणी सविस्तर मांडली ती २००८ साली आलेल्या ‘सॅल्यूट’ या माहितीपटाने. दिग्दर्शक मॅट नॉर्मन हे त्याचे पुतणे. पुतण्याने काकावर केलेला चित्रपट, त्यामुळे जिव्हाळा भरपूर. मात्र, फॉरवर्ड होणाऱ्या मजकुरातले आणि माहितीपटातलेही सगळेच निर्विवाद नाही.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी काय घडले?

पुरुषांच्या २०० मीटरची अंतिम शर्यत. अमेरिकेचा टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह पहिला आला. इलेक्ट्रॉनिक वेळनोंदणीत हे अंतर २० सेकंदांच्या आत कापणारा तो पहिला धावपटू. दुसरा येणार त्याचा सहकारी जॉन कार्लोस, असेच सगळ्यांना वाटत होते. पण वळण संपले तेव्हा बराच मागे असलेल्या नॉर्मनने अखेरच्या टप्प्यात मुसंडी मारून कार्लोसला गाठले. नॉर्मन २०.०६, कार्लोस २०.१०.

पदके घ्यायला स्मिथ आणि कार्लोस आले ते बूट न घालता, काळ्या मोज्यांवर. कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य दाखवण्यासाठी. स्मिथच्या गळ्यात काळा स्कार्फ होता. कार्लोसच्या गळ्यातली माळ जमावाने ठार मारलेल्यांच्या स्मरणार्थ होती. अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू होताच दोघांनी माना खाली घातल्या आणि काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. स्मिथची उजवी, कार्लोसची डावी. कारण साधे होते : कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता. एकच जोड दोघांनी वाटून घ्या, ही सूचना नॉर्मनची.

खेळाडूंची मागणी काय होती?

या कृतीला सर्रास ‘ब्लॅक पॉवर सॅल्यूट’ म्हटले जाते. पुढे १९७२मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ज्यांच्याकडून नाव आणि प्रेरणा घेतली, त्या अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाशी हे छायाचित्र आपल्याकडे सहज जोडले जाते. पण हे दोघे त्या पक्षाच्या वतीने उभे नव्हते. ही मानवी हक्कांसाठीची सलामी होती, असे स्मिथने नंतर सांगितले.

त्यामागे संघटना होती ती ‘ऑलिम्पिक प्रोजेक्ट फॉर ह्युमन राइट्स’. समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांच्या पुढाकाराने १९६७मध्ये ती उभी राहिली. तिच्या मागण्या अगदी नेमक्या होत्या. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका व ऱ्होडेशियाला स्पर्धेबाहेर ठेवा, मुहम्मद अली यांचा हिरावलेला जगज्जेतेपदाचा किताब परत करा, अधिक कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमा आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना हटवा. ऑलिम्पिकवर बहिष्काराचा विचारही झाला, पण त्यावर एकमत होईना. मग जायचे आणि ज्याने त्याने आपल्या परीने निषेध करायचा, असे ठरले.

आणि ऑलिम्पिक राजकारणापासून दूर असते म्हणावे, तर उद्घाटनाच्या जेमतेम दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, मेक्सिको सिटीतल्याच त्लातेलोल्को चौकात सैनिकांनी आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळीबार केला होता. स्पर्धा तरीही ठरल्याप्रमाणे भरवली गेली.

नॉर्मनने नेमके काय केले?

त्याने मूठ वर केली नाही. त्याने छातीवर एक गोल बिल्ला लावला, बस्स. तो बिल्ला त्याच संघटनेचा होता.

मेलबर्नच्या कामगारवस्तीत वाढलेला नॉर्मन पेशाने शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता. घरचे वातावरण ‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवाभावी पंथाचे. गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणारे ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण तेव्हा पुरते गेले नव्हते आणि नॉर्मनचा त्याला विरोध होता. पदके घ्यायला जाण्याआधी दोघा अमेरिकनांनी त्याला विचारले : मानवी हक्क मानतोस का? देव मानतोस का? दोन्हींना तो हो म्हणाला आणि मी तुमच्याबरोबर उभा राहीन, असेही. नॉर्मनच्या डोळ्यांत आपल्याला भीती दिसेल असे वाटले होते, दिसले ते प्रेम, असे कार्लोस पुढे सांगत असे.

जादा बिल्ला मात्र दोघांकडे नव्हता. तो मिळाला पॉल हॉफमन या अमेरिकेच्या गोऱ्या नौकानयनपटूकडून. एवढ्याशा मदतीसाठी हॉफमनला आपल्याच ऑलिम्पिक समितीपुढे चौकशीला उभे राहावे लागले. एका बिल्ल्याची धास्ती किती होती, याचा अंदाज यावरून येतो.

स्मिथ आणि कार्लोस यांना काय भोगावे लागले?

स्टेडियममधल्या काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. ब्रंडेज यांनी दोघांना संघातून आणि क्रीडाग्राममधून काढण्याचे फर्मान सोडले. अमेरिकेच्या समितीने सुरुवातीला नकार दिला, तेव्हा संपूर्ण अ‍ॅथलेटिक्स संघच बाहेर काढण्याची धमकी आली आणि समिती नमली. हेच ब्रंडेज १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी अमेरिकेच्या समितीचे अध्यक्ष होते. तिथल्या नाझी सलाम्यांवर त्यांनी आक्षेप घेतला नव्हता.

दोघांची पदके काढून घेतली, असेही अनेकदा वाचायला मिळते. ते चुकीचे आहे. पदके त्यांच्याकडेच राहिली. गेला तो रोजगार आणि मनःस्वास्थ्य. घरी परतल्यावर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि कामासाठी वणवण झाली. पुढे स्मिथ महाविद्यालयीन प्रशिक्षक झाला आणि कार्लोस कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत समुपदेशक.

मग नॉर्मनवर बंदी आली होती का?

इथे फॉरवर्ड आणि इतिहास यांची फारकत होते. आजन्म बंदी वगैरे काही नव्हते. १९७०च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत नॉर्मन ऑस्ट्रेलियाकडून धावला. खरा वाद आहे तो १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकचा. नॉर्मनने पात्रतेची वेळ अनेकदा नोंदवली होती, तरी निव्वळ त्या बिल्ल्यापायी त्याला डावलले, असे माहितीपट म्हणतो. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिम्पिक समितीचे म्हणणे वेगळे : १९६८ची शिक्षा म्हणून त्याला वगळलेले नाही, १९७२च्या राष्ट्रीय स्पर्धेत तो २०० मीटरमध्ये तिसरा आला आणि निवडीच्या निकषात बसला नाही.

कोणाचे खरे? निवड समितीच्या मनात काय होते हे कागदावर उतरत नाही आणि माहितीपटही तसा लेखी पुरावा समोर ठेवत नाही. सिडनी २०००च्या बाबतीतही तेच. घरच्या ऑलिम्पिकमध्ये नॉर्मनला साधा मानही मिळाला नाही, अमेरिकी संघाने त्याला पाहुणा म्हणून बोलावले, असे माहितीपट सांगतो. इतर माजी ऑलिम्पिकपटूंसारखीच वागणूक त्यालाही दिली, असे समिती म्हणते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि बोचते ते नेमके हेच. सिडनीत २०० मीटरचे सुवर्ण २०.०९ सेकंदांना गेले. नॉर्मनची ३२ वर्षांपूर्वीची वेळ त्याहून सरस होती. असा माणूस इतर माजी खेळाडूंसारखाच एक कसा?

माहितीपट पाहण्यासारखा का आहे?

तक्रारींची यादी वाचताना ‘सॅल्यूट’ काहीसा एकसुरी होतो. मुत्सद्दीपणा तर दिग्दर्शकाने मुळीच केलेला नाही. पण तिघे म्हातारे एकत्र बसून बोलू लागतात तेव्हा चित्रपट जिवंत होतो. हातमोज्यांची गोष्ट, शेवटच्या मीटरमधली चढाओढ, एकमेकांची थट्टा. पुतळ्यासारखे गोठलेले ते छायाचित्र तेवढा वेळ सैल होते. नॉर्मन तर नर्मविनोदी निघतो. १९८५मध्ये पायाच्या दुखापतीत गँगरीन होऊन त्याचा पाय कापायची वेळ आली होती. त्यानंतर नैराश्य आणि दारूनेही त्याला गाठले. ते सांगतानाही तो स्वतःला हुतात्मा म्हणवून घेत नाही. ते काम पुतण्याने अंगावर घेतले आहे.

चित्रपट पूर्ण होऊन पडद्यावर यायच्या आत, ३ ऑक्टोबर २००६ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने नॉर्मनचे निधन झाले. अंत्ययात्रेत शवपेटीला पुढून खांदा दिला तो स्मिथ आणि कार्लोस यांनी. अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स महासंघाने अंत्यसंस्काराचा तो दिवस, ९ ऑक्टोबर, ‘पीटर नॉर्मन दिन’ म्हणून जाहीर केला.

ऑस्ट्रेलियाने चूक मान्य केली का?

केली, पण संसदेने. ऑक्टोबर २०१२मध्ये प्रतिनिधिगृहाने नॉर्मनची माफी मागणारा ठराव मंजूर केला. त्यात म्युनिकला न पाठवल्याचाही उल्लेख आहे. आपण माफी मागण्यासारखे काही केलेले नाही, यावर ऑलिम्पिक समिती तेव्हाही ठाम राहिली. २०१८मध्ये मात्र तिने नॉर्मनला मरणोत्तर सन्मान दिला आणि पुढल्या वर्षी मेलबर्नमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

ऑलिम्पिकचे नियम तेवढे सैल झालेले नाहीत. ऑलिम्पिक सनदेचा नियम ५० स्पर्धास्थळी राजकीय निदर्शनांना मनाई करतो. टोक्यो स्पर्धेपासून शर्यत वा सामना सुरू होण्याआधी काही प्रमाणात मतप्रदर्शनाची मुभा मिळाली, पण विजयमंचावर ती नाहीच. म्हणजे स्मिथ, कार्लोस आणि नॉर्मन जिथे उभे होते, नेमकी तीच जागा आजही वर्ज्य आहे.

त्या तिघांचा पुतळा म्हणावा तर स्मिथ व कार्लोस शिकले त्या सॅन होजे विद्यापीठात २००५ साली उभारला गेला. त्यात दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे. नॉर्मनला वगळले म्हणून फॉरवर्डमध्ये यावरही हळहळ व्यक्त होते. प्रत्यक्षात ती जागा मोकळी ठेवा, असे नॉर्मननेच सुचवले होते. ज्याला त्यांच्या बाजूने उभे राहावेसे वाटेल त्याला तिथे चढता यावे म्हणून. अनावरणाला तो स्वतः हजर होता.

त्याची २०.०६ सेकंदांची वेळ ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून ५६ वर्षे टिकली. डिसेंबर २०२४मध्ये ब्रिस्बेनच्या शालेय स्पर्धेत ती २०.०४वर आली. धावणारा गाउट गाउट तेव्हा १६ वर्षांचा होता. त्याचे आईवडील दक्षिण सुदानमधून ऑस्ट्रेलियात आलेले आहेत.