विश्लेषण : पडद्यावरच्या गर्दीचे काम कोण करते? स्कॅनिंगमुळे ज्युनिअर आर्टिस्टच्या रोजगारावर गदा?

नायक-नायिका हॉटेलात बोलत बसले आहेत. मागच्या टेबलावर चौघे जेवत आहेत, हसत आहेत, एक वेटर ट्रे घेऊन जातो. प्रेक्षकांना त्या चौघांचे चेहरे आठवत नाहीत आणि आठवू नयेत, हीच त्यांच्या कामाची अट असते. ते बोलताना दिसतात, पण तोंडातून आवाज काढत नाहीत. मुख्य कलाकारांचे संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित होत असतील तर मागच्यांनी फक्त ओठ हलवायचे. हॉटेलातली कुजबुज नंतर चढवली जाते. ताटातला एकच घास दहा टेक पुरवायचा, आणि पहिल्या टेकला ग्लास ज्या हातात होता त्याच हातात तो शेवटपर्यंत ठेवायचा. या कामाचा मोबदला दिवसावर मिळतो. आता मात्र एका दिवसात शरीर स्कॅन करून तीच व्यक्ती संगणकावर हवी तितक्या वेळा उभी करता येते. त्यामुळे गर्दीच्या पोटाचे काय, हा प्रश्न पुढे आला आहे.

‘एक्स्ट्रा’ की ‘ज्युनिअर आर्टिस्ट’?

पूर्वी या कलाकारांना सरसकट ‘एक्स्ट्रा’ म्हणत. हा शब्द अपमानास्पद वाटू लागल्यावर ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ रूढ झाला. अर्थात साठी ओलांडलेला माणूसही येथे ‘ज्युनिअर’च. मुंबईत पुरुषांची ‘ज्युनिअर आर्टिस्ट्स असोसिएशन’ आणि महिलांचा ‘महिला कलाकार संघ’ अशा दोन वेगळ्या संघटना आहेत. दोन्ही ‘फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज’ या महासंघाशी संलग्न आहेत. हिंदी चित्रपटाने या माणसाला नायक केले ते ‘ओम शांती ओम’मध्ये (२००७). तिथेही स्टार होण्यासाठी त्याला पुनर्जन्म घ्यावा लागतो.

काम कसे मिळते?

निर्माता थेट कोणाला बोलावत नाही. दिग्दर्शनाच्या चमूकडून ‘चाळीस माणसे, लग्नाचा सीन’ अशी मागणी सप्लायर किंवा कोऑर्डिनेटरकडे जाते आणि तो माणसे जमवतो. आदल्या रात्री मोबाइलवर कॉलटाइम येतो : गोरेगावची चित्रनगरी, मढचा बंगला किंवा नायगावचा मालिकेचा सेट. सकाळी सातचा कॉल असेल तर बदलापूर किंवा विरारहून निघणाऱ्याला पहाटेची लोकल धरावी लागते. माणसांची वर्गवारीही असते. सूट-बुटात शोभणारे ‘डीसेंट’ पार्टीच्या सीनला, बाकीचे बाजार, मोर्चा, झोपडपट्टीला. पार्टीचे कपडे, बूट अनेकदा स्वतःचेच आणावे लागतात. त्यामुळे इस्त्रीचा सूट ही या धंद्यातली गुंतवणूकच ठरते.

सेटवर सहायक दिग्दर्शक ‘पासिंग’ देतो, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून कोणी, कधी, कोणत्या दिशेने जायचे ते सांगतो. मग वाट पाहणे. दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो.

चेहरा दिसला तर तोटा?

बाहेरच्याला वाटते, कॅमेरा आपल्यावर यावा अशी या कलाकारांची धडपड असेल. नव्या मुलांची असतेही. जुने मात्र थोडे बाजूला सरकतात. चेहरा ठळक दिसला की तो त्या चित्रपटात ‘एस्टॅब्लिश’ होतो. बाजारात भाजी घेणारा माणूस पुढच्या सीनमध्ये कोर्टात वकील म्हणून बसवता येत नाही. पाठमोरा राहिला तर बाजारात, कोर्टात आणि स्मशानातही चालतो. म्हणजे तेवढे जास्त दिवस काम.

पैसे कधी मिळतात?

हे सगळ्यात दुखरे ठिकाण आहे. मालिकांच्या क्षेत्रात मोबदला ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. पैसे निर्मात्याकडून सप्लायरकडे आणि तिथून कलाकाराकडे येतात. वाटेत कमिशन कापले जाते. सप्लायरचेच पैसे अडकले तर गर्दीत उभ्या राहिलेल्याने कोणाचे दार ठोठवायचे?

कायदा नाही असे नाही. सिनेकामगारांसाठी १९८१ मध्येच स्वतंत्र कायदा झाला आणि लेखी कराराशिवाय कामावर घेण्यास मनाई करण्यात आली. तो आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ‘सिनेकामगार’ जाऊन ‘दृक्‌श्राव्य कामगार’ असा व्यापक शब्द आला. कंत्राटदारामार्फत घेतलेला माणूसही त्यात येतो. करारात काम, वेतन, कामाचे तास, तंट्याचा मार्ग लिहिणे अपेक्षित आहे. पण रात्री अकराला फोन आणि सकाळी सातला सेट, या वेगात करार कोण करणार? कागद मागणाऱ्याचा नंबर पुढच्या यादीतून गळण्याची भीती असते.

संघटनेचे कार्ड हे पूर्वी मोठे कवच होते, ते काढायला रक्कमही मोठी मोजावी लागते. मात्र केवळ सभासदांनाच काम द्या हा संघटनांचा आग्रह स्पर्धाविरोधी असल्याचा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये दिला. कार्ड नसलेल्या नवख्यांना दार उघडले, पण कमी दरात माणूस मिळण्याची वाटही मोकळी झाली.

हातावर पोट म्हणजे काय, हे करोनाकाळात दिसले. चित्रीकरण पुन्हा सुरू करताना राज्य सरकारने ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर मज्जाव केला. चार दशके छोट्या भूमिका करणारे ७० वर्षांचे एक कलाकार उच्च न्यायालयात गेले. उदरनिर्वाहाचे दुसरे साधन नाही, हे त्यांचे म्हणणे. ऑगस्ट २०२०मध्ये न्यायालयाने ही अट रद्द केली.

तीन लाखांची गर्दी आता किती जणांत?

‘गांधी’ चित्रपटातील अंत्ययात्रेसाठी ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर सुमारे तीन लाख लोक जमले होते. बहुतेक स्वयंसेवक, तर सुमारे ९४ हजारांना किरकोळ मानधन दिले गेले. पडद्यावर हे दृश्य जेमतेम दोन मिनिटांचे आहे. त्यानंतर गर्दीला पर्याय शोधणे थांबलेच नाही. ‘सीबिस्किट’ (२००३) या हॉलीवूडपटात घोड्यांच्या शर्यतीच्या स्टँडमध्ये हवा भरलेले पुतळे बसवले होते! तेच शंभर जण स्टेडियमच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून चित्रित करायचे आणि तुकडे जोडायचे, हे तंत्रही जुनेच. तरी तिथे शंभर जण तरी लागत.

हॉलीवूडमध्ये काय ठरले?

स्टुडिओंना पार्श्वभूमीच्या कलाकारांना स्कॅन करून एका दिवसाच्या पैशात ती प्रतिमा कायमची वापरायची आहे, असा आरोप ‘सॅग-आफ्ट्रा’ या अमेरिकी कलाकार संघटनेने जुलै २०२३ मध्ये केला. स्टुडिओंनी तो फेटाळला. ११८ दिवसांचा संप झाला. नोव्हेंबरमधील करारानुसार स्कॅन करण्यापूर्वी ४८ तास आधी कळवणे आणि प्रतिमा वापरण्यासाठी संमती घेणे बंधनकारक झाले. करारानुसार जितकी माणसे घ्यायची, ती संख्या डिजिटल प्रतिमांनी भरून काढता येणार नाही, हेही ठरले.

मुंबईत काय होऊ शकते?

अमेरिकेत हे शक्य झाले कारण तिथे गर्दीतल्या माणसाचाही किमान दर आणि संख्या करारात आधीच लिहिलेली होती. मुंबईत स्कॅनची संमती मागायची तर ती कोणत्या कागदावर, इथपासून सुरुवात आहे. नव्या संहितेतील लेखी करार प्रत्यक्षात आला, तर प्रतिमेच्या वापराचे कलम त्यातच घालता येईल. त्यासाठी कलाकार संघटना, निर्माते आणि सप्लायर यांना एकत्र बसावे लागेल. तूर्त तरी इथे माणूस स्वस्त आहे आणि संगणकावरची गर्दी महाग. त्यामुळे लग्नाच्या सीनला चाळीस जणांना बोलावणेच परवडते.