फेब्रुवारीत आणलेला माणूस जूनमध्ये कामाला येतो का?

समजा, तुम्ही कॉलेजच्या टीमकडून मॅच खेळताय. तीन क्वार्टर झालेत, तुम्ही बेंचवर बसलायत, आणि प्रेक्षकांपैकी कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी येते की तुम्ही आता या टीमचे राहिलाच नाहीत. दुसऱ्या शहरातल्या टीमनं तुम्हाला घेतलंय. हॅरिसन बार्न्सच्या बाबतीत हे खरंच घडलं. ६ फेब्रुवारी २०१९ च्या रात्री तो डॅलस मॅव्हरिक्सकडून खेळत होता. मॅच चालू असतानाच सॅक्रामेंटो किंग्जबरोबर त्याचा ट्रेड झाल्याची बातमी फुटली. तो मॅच संपेपर्यंत बेंचवर बसून राहिला, आपल्या (म्हणजे आता जुन्या झालेल्या) टीमसाठी टाळ्या वाजवत.

एनबीएत दर फेब्रुवारीत हा बाजार भरतो. ट्रेड डेडलाइन संपते तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे तीन वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचा दीड. तुम्ही बास्केटबॉलचे फॅन असाल तर त्या रात्री अंथरुणात फोन रिफ्रेश करत तुम्हीही जागलेले असणार. आपल्या टीमनं कुणाला तरी मोठ्या नावाला उचललं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: झालं, आता कप आपलाच! पण प्लेऑफमध्ये जाणारी, आधीच बऱ्यापैकी चाललेली टीम सीझनच्या मधोमध एक खेळाडू बदलून खरंच सुधारते का?

आधी एक साधा हिशोब. मॅच ४८ मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे टीमकडे वाटायला एकूण २४० मिनिटं. प्लेऑफमध्ये कोच जेमतेम सात-आठ जणांवरच भरवसा ठेवतो, त्यामुळे नवा माणूस ३५ मिनिटं खेळणार असेल तर ती कुणाच्या तरी ताटातून काढावी लागतात. शिवाय बॉल एकच. त्यात एनबीएत पगाराची मर्यादा असल्यामुळे मोठ्या पगाराचा खेळाडू आणायचा तर साधारण तेवढ्याच पगाराची माणसं द्यावी लागतात. ती बहुतेक वेळा बेंचवरची, रोज उपयोगी पडणारी माणसं असतात. बातमीत मथळा येणाऱ्याचा असतो, जाणाऱ्यांची नावं खाली बारीक अक्षरांत. ट्रेड कळून घ्यायचा असेल तर आधी ती बारीक अक्षरं वाचा, असं माझं मत आहे.

राजॉन राँडोची गोष्ट बघा. डिसेंबर २०१४ मध्ये डॅलसची टीम १९ मॅच जिंकून आणि ८ हरून मजेत होती. त्यांचा अटॅक तेव्हा लीगमध्ये एक नंबर होता. डर्क नोविट्झ्की लांबून शॉट मारायचा, त्यामुळे बचाव करणारे पसरायचे, मधली जागा मोकळी व्हायची आणि मॉन्टा एलिस त्यातून घुसायचा. ब्रँडन राइट नावाचा उंच पोरगा बेंचवरून येऊन त्याच मोकळ्या जागेत डंक मारायचा. मग बॉस्टन सेल्टिक्सकडून राँडो आला. २००८ चा चॅम्पियन, पासिंगचा जादूगार, मोठं नाव. बदल्यात गेले राइट, जे क्राउडर, जमीर नेल्सन आणि पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट पिक.

अडचण अशी, की राँडोला खेळायला बॉल हातात लागायचा आणि त्याचा लांबचा शॉट भरवशाचा नव्हता. समोरचा बचावपटू त्याला बिनधास्त सोडून मध्ये जाऊन उभा राहायचा. म्हणजे डॅलसकडे जे सगळ्यात भारी होतं, ती मोकळी जागा, तेच बुजलं. फेब्रुवारीत राँडो आणि कोच रिक कार्लाइल यांचं मॅच चालू असतानाच भांडण झालं आणि त्याला एका मॅचसाठी बाहेर बसवलं गेलं. त्याच्या येण्यानंतर टीमनं ३१ जिंकल्या, २४ हरल्या. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या दुसऱ्या मॅचमध्ये त्याला बेंचवर बसवलं, ते बसवलंच. उरलेली मालिका तो खेळला नाही आणि डॅलस ४-१ नं बाहेर. बेस्ट प्लेयर आणला आणि टीम खराब झाली! ग्रुप प्रोजेक्टमध्ये वर्गातला टॉपर घेऊन सगळ्यांची वाट लागलेली तुम्ही पाहिली असेल, तोच सीन.

आता याच्या बरोबर उलट. २००४ ची डेट्रॉइट पिस्टन्स. चाउन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन, टेशॉन प्रिन्स, बेन वॉलेस. चांगली टीम, बचाव तर कडक. पण बेन वॉलेसच्या शेजारी उभा राहील, बचावही करेल आणि लांबून शॉटही मारेल असा उंच माणूस नव्हता. १९ फेब्रुवारीला रशीद वॉलेस आला. (त्याच्या आधी दहा दिवस तो पोर्टलँडहून अटलांटाला गेला होता आणि तिथे फक्त एक मॅच खेळला होता. एका महिन्यात तीन शहरं!) रशीदची ख्याती रेफरीशी भांडून टेक्निकल फाउल घेण्याची, म्हणून बऱ्याच जणांना वाटलं की डेट्रॉइटनं विकतचं दुखणं आणलं. पण त्याला बॉल सतत हातात नको होता. त्याच्या येण्यानंतर पिस्टन्सनी २६ पैकी २० मॅच जिंकल्या. मार्चमध्ये तर सलग पाच मॅचमध्ये समोरच्या टीमला ७० पॉइंटही करू दिले नाहीत. जूनमध्ये फायनलला समोर लेकर्स: शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. पिस्टन्स ४-१ नं जिंकले.

आणि त्यांनी दिलं काय? पहिल्या पाचातलं कुणीच नाही. लिंडसी हंटर नावाचा जुना गार्ड बॉस्टनला गेला, पण बॉस्टननं त्याला सोडून दिलं आणि तो परत डेट्रॉइटला येऊन चॅम्पियन झाला. घरातलं काही न विकता नवीन सोफा आला.

मग सूत्र मिळालं ना? भोक कुठे आहे ते बघा आणि तेवढंच बुजवा. थांबा, इतकं सोपं नाही. आकडे फसवतात आणि चांगल्या-चांगल्यांना फसवतात.

क्लीव्हलँडचं उदाहरण नेहमी दिलं जातं. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्ककडून जे. आर. स्मिथ आणि इमान शम्पर्ट, आणि डेन्व्हरकडून टिमोफे मोझगोव्ह घेतले. टीम १९ विजय, २० पराभव अशा अवस्थेत होती. तिथून पुढे ३४ जिंकल्या, ९ हरल्या, थेट फायनल गाठली. ट्रेडची कमाल! पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली होती. लेब्रॉन जेम्स दुखापतीमुळे आठ मॅच बाहेर होता आणि १३ जानेवारीला परतला. मग श्रेय कुणाला? मोझगोव्हनं मधली उंची भरून काढली हे खरंच, कारण अँडरसन व्हॅरेजाओ डिसेंबरमध्येच जायबंदी झाला होता. पण लेब्रॉन परत येणं हाही एक 'ट्रेड'च होता की, आणि फुकटचा.

स्टॅट्सवाल्यांनी हा भाग कागदावर करून बघा. एका टीमची खरी ताकद शंभरातल्या ६० मॅच जिंकण्याची आहे असं धरा. डेडलाइननंतर तीसेक मॅच उरतात, म्हणजे अपेक्षा १८ विजयांची. प्रमाण विचलन काढलं तर येतं साधारण २.७. म्हणजे टीममध्ये काडीचाही बदल न करता १५ किंवा त्याहून कमी, अथवा २१ किंवा त्याहून जास्त विजय येण्याची शक्यता तीनात एक आहे. २१ आले की आपण म्हणतो मास्टरस्ट्रोक, १५ आले की जीएमला हाकला. तीस मॅचमध्ये खरी सुधारणा आणि नशीब वेगळं करणं जवळपास अशक्यच.

उलट्या बाजूनंही हेच. १९९५ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सनी क्लाइड ड्रेक्सलरला आणलं. तो आणि हकीम ओलाजुवान एकाच कॉलेजचे, ह्यूस्टन विद्यापीठात एकत्र खेळलेले. जुने यार परत भेटले, फुल फिल्मी. पण बदल्यात ओटिस थॉर्प हा ताकदीचा रिबाउंडर गेला होता, आणि त्यानंतर टीमनं १७ जिंकल्या, १८ हरल्या. एप्रिलमध्ये तुम्ही मला विचारलं असतं, तर मी हा ट्रेड फसला असंच छातीठोक लिहिलं असतं. रॉकेट्स सहाव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये गेले आणि फायनलमध्ये ऑर्लँडोला ४-० हरवून चॅम्पियन झाले. इतक्या खालून येऊन विजेतेपद आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

गंमत म्हणजे आपल्याला लक्षात राहतात ते रशीद आणि ड्रेक्सलर. दर फेब्रुवारीत ढिगानं ट्रेड होतात आणि जूनमध्ये एकच टीम जिंकते, म्हणजे बाकीच्यांचे ट्रेड आपण विसरूनच जातो. २०११ मध्ये बॉस्टन ४१ जिंकून आणि १४ हरून पूर्व विभागात अव्वल होती, तरी त्यांनी पहिल्या पाचातला केंड्रिक पर्किन्स देऊन टाकला. नंतर १५ विजय, १२ पराभव आणि दुसऱ्या फेरीत मायामीकडून ४-१. आणि लुका डॉन्चिच? फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं त्याला देऊन अँथनी डेव्हिस घेतला, डेव्हिस पहिल्याच मॅचमध्ये जखमी झाला आणि आदल्या वर्षी फायनल खेळलेली टीम प्लेऑफमध्येही पोचली नाही. पण लेकर्सना तरी त्या वर्षी काय मिळालं? पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-१. वानखेडेवर हार्दिकची हुर्यो ऐकलेल्यांना २०२४ चा मुंबई इंडियन्सचा दहावा नंबर आठवत असेलच, आणि तिथे तर सीझन सुरू व्हायच्या आधी सरावाला वेळही होता. एनबीएत आठवड्याला तीन-चार मॅच असतात, नवा माणूस टीमचे प्ले विमानात बसून पाठ करतो.

म्हणून माझं उत्तर विचाराल तर: त्याच वर्षी कप मिळेल या आशेनं केलेला ट्रेड बहुतेक वेळा टीमला उगीच थोडं इकडेतिकडे हलवतो. भोक नेमकं माहीत असेल आणि द्यायला फार काही लागत नसेल तरच करावा. पण हे म्हणताना २००८ चा एक ट्रेड मला गप्प करतो. लेकर्सचा सेंटर अँड्र्यू बायनम गुडघा दुखावून बसला होता, म्हणून त्यांनी मेम्फिसकडून पाउ गॅसोल आणला. तो खेळला त्या २७ पैकी २२ मॅच ते जिंकले, फायनलला मात्र बॉस्टनकडून ४-२ हरले, शेवटची मॅच तर १३१-९२. तेव्हा फसला म्हणायचं? मग २००९ आणि २०१० चे दोन्ही कप लेकर्सचे. सगळे म्हणाले, मेम्फिसनं हिरा फुकट दिला. त्या सौद्यातल्या बारीक अक्षरांत एक नाव होतं, ड्राफ्टमध्ये ४८ वा निवडलेला, तेव्हा स्पेनमध्ये खेळणारा पाउचाच धाकटा भाऊ मार्क. तो २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये, बार्न्सच्या दुसऱ्याच दिवशी, मेम्फिसनं त्यालाही ट्रेड केलं, टोरंटोला. जूनमध्ये टोरंटो चॅम्पियन.

पाउची १६ नंबरची जर्सी २०२३ मध्ये लेकर्सनी छताला टांगली, मार्कची ३३ नंबरची २०२४ मध्ये मेम्फिसनं.