नेरडीगोंड्यातील जांभूळ

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंडा हे मंडलाचे गाव लागते. कडेम नदीवरचा कुंतला धबधबा याच मंडलात आहे. हा गोंडांचा मुलूख असल्याने मराठी कानाला गावाच्या नावातही ‘गोंड’ ऐकू येतो. तेलुगूच्या आधाराने पाहिले तर हा अर्थ टिकत नाही.

तेलुगूत ‘कोंड’ म्हणजे डोंगर. समासात त्यातील ‘क’चा ‘ग’ होतो. ‘नल्ल’ म्हणजे काळा. त्यावरून नलगोंडा, काळा डोंगर. तेथील ‘गोंडा’ जर डोंगर, तर येथील वेगळा मानण्यास कारण नाही. उरते ‘नेरडी’. त्याला सर्वांत जवळचा तेलुगू शब्द ‘नेरेडु’, म्हणजे जांभूळ. तेव्हा नेरडीगोंडा हा जांभळीचा डोंगर ठरतो. कन्नडातील ‘नेरळे’, तमिळमधील ‘नावल’ आणि मल्याळममधील ‘ञावल’ ही त्याच द्राविडी शब्दाची भावंडे होत.

आपले ‘जांभूळ’ दुसऱ्या घराण्यातले. संस्कृतातील ‘जम्बु’, ‘जम्बूल’ यांपासून ते आले. मराठीने वाटेत ‘ब’चा ‘भ’ केला, कोंकणीने मात्र ‘जांबळ’ म्हणताना जुना ‘ब’ राखला. फळावरून रंगालाही नाव मिळाले.

हा ‘ब’ गोव्यातून फार दूर गेला. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात फणसाच्या जोडीने या फळाचाही विचार असून त्याचे नाव ‘जांबोलांव’ असे पोर्तुगीज वळणाचे आहे. ब्राझीलमध्ये ते नाव आजही चालते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क याने 1789 मध्ये या वृक्षाला ‘युजेनिया जांबोलाना’ म्हटले. आजचे मान्य नाव ‘सिझिजियम क्युमिनी’ आहे. त्यातील ‘क्युमिनी’ चक्क जिऱ्याच्या लॅटिन नावाशी जुळते. त्यापेक्षा लामार्कचे नाव फळाला अधिक शोभत होते, असे आमचे मत.

नेरडीगोंड्याची ही उकल वाचून गोमंतकीय वाचकाला बार्देशातील नेरूल आठवेल आणि तेथेही ‘नेरळे’ शोधण्याचा मोह होईल. तो आवरावा. ‘गोंड’ ऐकू येणाऱ्या कानाने नुकतेच फसवले आहे. नुसते ध्वनिसाम्य पुरत नाही; गावाच्या नावाची जुन्या कागदपत्रांतील रूपे आधी पाहावी लागतात.